गुन्हेपटाची वनलाइन दुसऱ्या लेखकांकडून तपासून घेताना

गुन्हेपटाची पटकथा लिहायला बसण्याआधीच मी वनलाइन, म्हणजे दोन-तीन वाक्यांत सांगितलेली गोष्ट, तीन-चार लेखकांपुढे ठेवते. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण १ मिनिट. १०० पानं लिहून झाल्यावर कुणी पायाच कच्चा आहे म्हणालं, की लेखक ऐकून घेत नाही, भांडतो.

वनलाइन फार तर २५-३० शब्दांची हवी. माणूस कोण, त्याला काय हवंय, आड काय येतंय, नाही जमलं तर काय गमावेल, एवढंच. ‘समाजावर भाष्य’ वगैरे नको. खुनी कोण हेही सांगायचं नाही.

माझी अलीकडची वनलाइन अशी: ‘रात्री एका बाईच्या सांगण्यावरून कुलूपवाला फ्लॅटचं दार उघडून देतो. सकाळी आत प्रेत सापडतं. पोलीस दारात येण्याआधी त्याला ती बाई शोधायची आहे.’

‘कशी वाटली?’ विचारलंत तर ‘छान आहे’ ऐकायला मिळेल आणि हाती काही लागणार नाही. मी एक-दोन दिवस जाऊ देते, मग फोन करून म्हणते, कागद न बघता गोष्ट सांग. सांगताना जे गळतं ते बहुधा नको असतं. पण पदरचं काय घातलं जातं, तिकडे कान द्या. मैत्रीण सांगता सांगता म्हणाली, ‘हा आधी तुरुंगात जाऊन आलेला ना?’ मी तसं कुठंच लिहिलं नव्हतं. दुसऱ्यानं सुचवलं, बाई त्याची जुनी प्रेयसी कर. तिसऱ्याला त्याचा भाऊच तपास अधिकारी हवा होता. उपाय तीन, दुखणं एकच: हा माणूस सरळ पोलिसांत का जात नाही?

लेखक सल्ला देतो तेव्हा अर्धा वेळ स्वतःचाच सिनेमा सांगत असतो. (मीही तेच करते.) म्हणून उपाय नम्रपणे ऐकायचे, आणि वहीत फक्त त्यामागचा प्रश्न उतरवायचा. उत्तर आपलं आपण शोधायचं. माझा कुलूपवाला आता ज्याचं कुलूप उघडतो त्याची एक जादा किल्ली करून डब्यात ठेवतो. कधी वापरलेली नाही. पण पोलिसांत गेला की घराची झडती होणार आणि डबा सापडणार. शिवाय त्यातली एक किल्ली गायब आहे, म्हणजे उत्तरार्धही मिळाला.

मग विचारा, संशय कुणावर? सगळ्यांनी एकच नाव घेतलं तर ते लपवण्याची धडपड सोडून द्या. खुनी पहिल्या दहा मिनिटांत उघड करा आणि तो कसा सापडतो यावर सिनेमा उभा करा. ही जुनी, भक्कम वाट आहे.

निदान एक वाचक तपासाच्या कामकाजाबाबत चिकित्सक हवा. ‘खून बरोबर सव्वाअकराला झाला’ यावर कथा टेकली असेल तर तो तिथेच अडवतो. प्रेताचा ताठरपणा साधारण २ ते ४ तासांत सुरू होतो, पूर्ण व्हायला १२ तासांच्या आसपास लागतात, आणि हवा गरम की थंड यावर तेही हलतं. डॉक्टर अंदाजे कालावधी सांगतो, मिनिट नाही. मिनिट हवंच असेल तर कॅमेरा, फोन, लिफ्ट यांतून काढा.

सुधारलेली वनलाइन त्याच मंडळींना परत पाठवू नका. भोक कुठे होतं हे त्यांना ठाऊक असतं, ते तेवढंच बघतात. एक कोरा वाचक आधीपासून राखून ठेवा.