व्हॅटिकन बघायला जाताय? आधी चौकात थांबा

मी पर्यटकांचे गट घेऊन रोमला जाते. व्हॅटिकनच्या दिवशी एक वाद ठरलेला: आधी सिस्टाइन चॅपल की आधी सेंट पीटर्सचं चर्च? मी म्हणते, आधी चौक. मेट्रोच्या ए मार्गिकेवर ओत्ताव्हियानोला उतरा आणि सेंट पीटर्सच्या चौकात अर्धा तास तरी काढा. व्हॅटिकन हा अख्खा देश जेमतेम ४४ हेक्टरांचा! हद्द चौकाच्या तोंडाशीच लागते, पण पासपोर्ट कुणी विचारत नाही. १८७० मध्ये इटलीच्या सैन्याने पोपांच्या ताब्यातलं रोम घेतलं आणि पोप रुसून भिंतींच्या आतच बसले. हा रुसवा पुढच्या पोपांनीही चालवला. मुसोलिनीच्या सरकारशी १९२९ मध्ये लॅटरन करार झाला, तेव्हा कुठे तो सुटला आणि हा देश जन्मला.

चौकाच्या मधला दगडी स्तंभ इजिप्तचा. कॅलिगुला बादशहाने तो रोमला आणवला, आणि वास्तुकार दोमेनिको फोंतानाने १५८६ मध्ये दोरखंड, घोडे आणि शेकडो माणसं लावून आजच्या जागी उभा केला. स्तंभ आणि कारंजं यांच्या मधल्या जमिनीत एक गोल दगड बसवलाय, तो शोधा. त्यावर उभं राहून वास्तुकार बर्निनीने चौकाभोवती कमानीसारख्या वळणात उभारलेल्या खांबांकडे बघा. खांब चार रांगांत आहेत, पण तिथून एकच रांग दिसते. दोन पावलं बाजूला सरका, की मागचे खांब डोकावायला लागतात. आमच्या गटातली मंडळी इथे लहान मुलांसारखी पुढे-मागे करत राहतात.

चर्चमध्ये तिकीट नाही, पण खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उन्हाळ्यातही ओढणी जवळ ठेवा. शिरल्याशिरल्या उजवीकडे मायकलअँजेलोची ‘पिएता’, मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीची मूर्ती. १९७२ मध्ये एकाने तिच्यावर हातोडा चालवला, तेव्हापासून ती काचेआड आहे. घुमटावर जायचं तर पायऱ्या ५५१. लिफ्ट घेतलीत तरी ३२० चढाव्याच लागतात, आणि शेवटी भिंत घुमटाबरोबर कलते, म्हणून आपणही तिरके होऊन चढतो. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ नाही म्हणा.

म्युझियमचं दार वेगळं, तटाला वळसा घालून मागे. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. रविवारी बंद, महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट असतं, पण त्या गर्दीत मी कुणाला नेत नाही. बुधवारी सकाळी पोपची सभा असली की चर्च बंद.

म्युझियममधूनच सिस्टाइन चॅपलमध्ये जातात. तिथे फोटोला मनाई. छत सगळेच बघतात. तुम्ही वेदीमागच्या भिंतीवरच्या ‘अंतिम न्याय’ या चित्राचा उजवा खालचा कोपरा बघा. गाढवाचे कान, अंगाला सापाचा विळखा. नग्न चित्रांवर नाक मुरडणाऱ्या पोपच्या अधिकाऱ्याला, ब्याजो दा चेझेनाला, मायकलअँजेलोने असं कायमचं नरकात बसवलंय.

घरी पत्र पाठवायचं असेल तर व्हॅटिकनचं तिकीट लावून तिथल्याच पेटीत टाका. इटलीच्या टपालपेटीत ते तिकीट चालत नाही.