ड्राइव्ह थांबताना ट्रिप मारतोय? ब्रेक रेझिस्टर असा लावा

साकीनाक्याला एका गाळ्यात कपडे पिळायचं मशीन आहे, साडेसात एचपीची मोटर, तिच्यावर ड्राइव्ह (व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग कमीजास्त करणारा डबा). चालताना मस्त, पण स्टॉप दाबला की दोन सेकंदांत ड्राइव्हवर ओव्हरव्होल्टेज ट्रिप, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच बंद, आणि ड्रम आपला गरगरतोय. मालक म्हणे ड्राइव्ह गेला. कुठला गेला, ठणठणीत होता.

होतं काय, ड्राइव्ह फ्रिक्वेन्सी खाली आणतो पण जड ड्रम वेगातच असतो, मग मोटर जनरेटर होते आणि पॉवर उलटी डीसी बसवर (ड्राइव्हच्या आतल्या डीसी लाईनवर) येते. ४१५ व्होल्ट सप्लायवर बस साधारण ५८५ ला असते, पुढचा डायोडवाला रेक्टिफायर ती पॉवर लाईनला परत देऊ शकत नाही, म्हणून कपॅसिटर चढत जातात आणि ८०० च्या आसपास ट्रिप. त्याच्या आधीच, समजा ७६० ला, चॉपर (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू होतो आणि जास्तीची पॉवर रेझिस्टरमध्ये जाळून टाकतो. एवढंच.

डिसेल टाइम (मोटर थांबवायला ड्राइव्ह घेतो तो वेळ) वाढवून चालत असेल तर तेच करा, फुकटात काम होतं. नाहीतर आधी मॅन्युअलमध्ये आतला चॉपर आहे का आणि मिनिमम ओहम किती ते बघा. त्याच्या खाली जायचं नाही, चॉपरचा ट्रान्झिस्टर उडतो. १०० ओहम घेतला तर ७६० ला ७.६ अँपिअर, म्हणजे पावणेसहा किलोवॅट! घाबरू नका, मिनिटात तीनच सेकंद ब्रेक असेल तर सरासरी ३०० वॅटच्या आतच, ५०० चा घ्या.

वायरिंगआधी मेन बंद, दहा मिनिटं थांबा, बस व्होल्टेज मीटरने मोजा, मगच हात लावा. रेझिस्टर पॅनलच्या बाहेर, हवेशीर जागी, पोटमाळ्यावरच्या खोक्यांपासून लांब.

आता जे लोक हमखास विसरतात ते. रेझिस्टरचा थर्मल स्विच (जास्त तापला की उघडणारा) मेन कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे ड्राइव्हचा सप्लाय जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या, कॉइलमध्ये सिरीज घाला, नुसता ड्राइव्हच्या स्टॉपला नाही, कारण चॉपर शॉर्ट झाला की ड्राइव्ह स्टॉपला असला तरी रेझिस्टर तापतच राहतो, सप्लाय तोडल्याशिवाय सुटका नाही. मी एक लालबुंद झालेला बघितलाय, वास दोन दिवस गेला नव्हता.

शेवटी पॅरामीटरमध्ये ब्रेकिंग ऑन आणि ओव्हरव्होल्टेज स्टॉल ऑफ, नाहीतर ड्राइव्ह स्वतःच डिसेल लांबवतो आणि रेझिस्टर नुसता शोभेला. डिसेल १० सेकंदांपासून हळूहळू कमी करत या, डिस्प्लेवर बस व्होल्टेज लावून ठेवा. आणि लिफ्ट, होइस्ट असेल तर मेकॅनिकल ब्रेक हवाच, थांबलेला लोड रेझिस्टर धरून ठेवत नाही.