सुट्टीत कोकणातून जर्मन भाषेत इंटर्नशिपची मुलाखत देताना

जर्मनीत शिकताय आणि सुट्टीत रत्नागिरी-मालवणला घरी आहात? मग आधी वेळ नीट जुळवा. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हे बदलतं. पावसात वीज जातेच, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा.

ओळख दोन मिनिटांची, पण शब्दन् शब्द पाठ नको. मध्येच प्रश्न आला की गाडी अडते. चार मुद्दे लिहा आणि मोठ्याने बोलून बघा. प्रश्न कळला नाही तर अंदाजाने उत्तर मुळीच देऊ नका, सरळ ‘क्योनेन झी दास बिट्टे व्हीडरहोलेन?’ (कृपया पुन्हा सांगाल का?) म्हणा. इंटर्नशिप अभ्यासक्रमात सक्तीची की ऐच्छिक, याचं उत्तर तयार हवं: ऐच्छिक असून तीन महिन्यांहून जास्त असेल तर कंपनीला किमान वेतन द्यावं लागतं.