बोलावल्याशिवाय आलेला अँटीव्हायरस

परवा सकाळी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून फोन आला. "ताई, स्क्रीन लाल झालीय ओ. कोण बाई इंग्लिशमध्ये ओरडायलीय, व्हायरस सापडलाय, कॉम्प्युटर बंद करू नका म्हणायलीय. खाली नंबर दिलाय. लावू का?"

"अण्णा, नंबर अजिबात लावू नका. एस्केप बटण दाबून धरा. सोडू नका."

तीन-चार सेकंदांत लाल पान लहान झालं. मग त्यांना आल्ट आणि एफ४ एकत्र दाबायला सांगितलं. बाई गप्प झाली. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर 'आधीची पानं उघडू का' असं विचारेल, तिथे नाही म्हणा, एवढं सांगून मी गाडी काढली. एवढ्यानेही पान हटलं नसतं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि तिथून ब्राउझरला एंड टास्क द्यायचा. पानावरच्या फुलीवर मात्र क्लिक करू नका. ती फुलीही चित्राचाच भाग असू शकते, आणि तिच्यावर बोट पडलं की डाउनलोड सुरू होतो.

अठरा वर्षं मी सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्त करते आणि प्रत्येक ग्राहकाला पहिली गोष्ट हीच सांगते. वेबसाइटचं पान तुमच्या परवानगीशिवाय तुमच्या हार्ड डिस्कवरच्या फायली वाचू शकत नाही. मग त्याला त्यात व्हायरस सापडेल कसा? सरकणारी हिरवी पट्टी, भराभर वाढणारा आकडा, सगळं रंगवलेलं असतं. असली काही पानं मी मोबाइलवर उघडून पाहिली, तर तिथेही 'सी ड्राइव्हमध्ये व्हायरस' असं आलं. मोबाइलला सी ड्राइव्ह नसतोच. आणखी एक खूण पक्की लक्षात ठेवा: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

हे मी स्वतः ठेच लागून शिकले. २००८ साली मी एका सायबर कॅफेत कामाला होते. असाच एक पडदा आला, मी घाबरून ओके दाबलं आणि 'सुरक्षा' देणारा प्रोग्राम बसला. मग तो दर दोन मिनिटांनी पैसे मागायला लागला, टास्क मॅनेजर उघडू देईना. शेवटी मशीन फॉरमॅट केलं आणि त्यात एका मुलाचा डिप्लोमाचा प्रोजेक्ट गेला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हा जगभर हेच चाललं होतं. विनफिक्सर, एक्सपी अँटीव्हायरस, ड्राइव्हक्लीनर अशी अगदी खरी वाटणारी नावं होती. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ही नावं विकणाऱ्यांना कोर्टात खेचलं. दहा लाखांहून जास्त लोक फसले, असं कमिशनचं म्हणणं होतं. २०१२ मध्ये १६ कोटी ३० लाख डॉलरहून मोठ्या रकमेचा निकाल लागला. नावं बदलली, धंदा तोच राहिला.

अण्णांच्या ऑफिसात पोचले तर कोपऱ्यात अजून सूचना येतच होत्या: 'तुमचं संरक्षण संपलं, आत्ता नूतनीकरण करा.' खाली एका नामांकित अँटीव्हायरसचं चिन्ह. तो अँटीव्हायरस त्या मशीनवर कधी बसवलेलाच नव्हता. आजकाल माझ्याकडे सगळ्यात जास्त तक्रारी याच प्रकाराच्या येतात. कोणीतरी फुकट मॅच बघायला एखादी साइट उघडतं, ती म्हणते 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा', आणि त्या एका अलाउने साइटला सूचना पाठवायचा परवाना मिळतो. व्हायरस नसतोच, त्यामुळे स्कॅनमध्ये काही सापडत नाही. क्रोममध्ये तीन ठिपक्यांवरून सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जा. अनोळखी नाव दिसेल ते काढून टाका.

अण्णांची दुसरी तक्रार होती मशीन हळू चालण्याची. त्यासाठी मुलाने 'पीसी बूस्टर' नावाचं काहीतरी उतरवलं होतं. मी कॅबिनेट उघडलं. पंख्यावर सुताच्या रुव्याची गादी बसली होती. यंत्रमाग शेजारी असला की हे होणारच. प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. ब्लोअरने साफ केलं, पंखा मोकळा झाला. सोलापूरच्या कारखानदारांनो, मशीन हळू झालं की व्हायरस शोधण्याआधी कॅबिनेट उघडून बघा. बूस्टरवाले नेमके या मंदपणावर पोट भरतात.

ते बूस्टर मात्र बसलं होतं, म्हणून इंटरनेटची वायर काढली, सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून ते काढून टाकलं आणि विंडोज सिक्युरिटीमधून मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या अँटीव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन लावलं. या स्कॅनला मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्याला आडवं येता येत नाही. टॅलीचा बॅकअप आधी घ्या.

पैसे भरले असतील किंवा कोणाला रिमोटवर, म्हणजे दुरून, मशीन चालवायला दिलं असेल, तर लाज धरू नका. लगेच बँकेला सांगून कार्ड बंद करा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.

आता खरा कोणता घ्यायचा? विंडोज १० किंवा ११ असेल तर डिफेंडर आधीच आत आहे, फुकट आहे, आणि घरच्या वापराला मी तोच ठेवते. विकत घ्यायचाच असेल तर जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या तपासणी संस्थांचे निकाल बघा. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी सहा गुण देते, म्हणजे एकूण अठरा. ज्याचं नाव अशा चाचण्यांत कुठेच दिसत नाही, तो मी कोणाच्या मशीनवर बसवत नाही. आपल्या पुण्याच्या क्विक हीलसारखा देशी पर्याय हवा असेल तर पत्ता स्वतः टाइप करून कंपनीच्या साइटवरूनच घ्या. सर्च केल्यावर सगळ्यात वर दिसते ती जाहिरात असू शकते. तिच्यावर क्लिक नको. फुकटची क्रॅक केलेली लायसन्स-की तर चोरालाच कुलूप बसवायला बोलावण्यासारखी आहे.

आणि दोन अँटीव्हायरस एकदम चालवू नका, ते एकमेकांच्या आड येतात. दुसरा बसवला की डिफेंडर बहुधा स्वतःहून बाजूला होतो. त्या दुसऱ्याची मुदत संपली तर तो पूर्ण काढून टाका आणि डिफेंडर पुन्हा चालू झाला का ते डोळ्यांनी बघा.

अण्णांच्या मशीनवर अजून विंडोज १० आहे. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोजमधली भोकं अँटीव्हायरसने बुजत नाहीत. त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. "बरं," म्हणाले, "पण ते एस्केपवालं मला कागदावर लिहून द्या." मी मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं: एस्केप दाबून धरा. आल्ट एफ४. नंबर लावायचा नाही. त्याखाली माझा नंबर.