बारीमार्गे कळसूबाई: एका दिवसात, उजेडाच्या हिशेबाने

दिवाळी सरली की कळसूबाईच्या माथ्यावरचे ढग पांगतात, गवत पिवळं पडतं आणि १६४६ मीटरवरून लांबलांबच्या रांगा दिसू लागतात. दिवस मात्र आखूड. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पायथ्याच्या बारी गावाची वाट डोंगराच्या पूर्व अंगाला असल्याने ती त्याच्या बरीच आधी सावलीत जाते.

म्हणून वेळ उलट मोजा. साडेचारला गावात परत यायचं, तर उतरायला अडीच तास, माथ्यावर एक, चढायला साडेतीन. म्हणजे साडेनऊ ही बारी सोडायची शेवटची वेळ. खरी वेळ साडेसहा-सातची. पुढे पूर्वेचं ऊन अंगावर घेत चढावं लागतं, आणि शनिवार-रविवारी वाटेतल्या लोखंडी शिड्यांपाशी रांग लागते ती वेगळीच. दुपारी एकपर्यंत शेवटची शिडी गाठली नाही, तर तिथूनच मागे फिरा.

घोटी-भंडारदरा रस्त्यावर बारी लागतं. मुंबईहून पहाटे इतक्या लवकर पोचणं अवघड, त्यापेक्षा आदल्या रात्री गावात मुक्काम करा.

माणशी तीन लिटर पाणी घ्या. माथ्याखाली विहीर आहे, पण तिच्या भरवशावर बाटली रिकामी ठेवू नका. पाणी घेतलंच तर शुद्ध करून प्या. भाकरी-चटणी, चिक्की, मीठ-साखर पुरे. खाणं सॅकच्या आत ठेवा, हातातली पिशवी माकडं ओढतात.

चढाला लागण्यापूर्वीच स्वेटर काढा. घामाने भिजलेला टीशर्ट माथ्यावरच्या वाऱ्यात अंग गारठवतो. गावापेक्षा वर पाच-सहा अंश कमी असतात, त्यामुळे कोरडा टीशर्ट आणि विंडचीटर सोबत हवाच.

शिड्यांवर काठी सॅकला बांधा, लोंबणारे पट्टे खोचा. दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार कायम पक्के ठेवा. सकाळी लोखंड बर्फासारखं गार लागतं. घट्ट बसणारे हातमोजे असले तर पकड सुटत नाही. उतरताना तोंड शिडीकडेच, आणि पुढचा माणूस खाली पोचून बाजूला झाल्यावरच मागच्याने पाय टाकायचा.

माथ्यावर देवीचं छोटं देऊळ आहे. दर्शन झालं की आधी पश्चिमेला वळा. अलंग, मदन, कुलंग या तीन किल्ल्यांच्या कड्यांवर सकाळचं ऊन समोरून पडतं आणि कातळाचे थर वेगवेगळे दिसतात. दुपारनंतर तेच कडे उन्हाच्या आड जाऊन नुसते काळपट आकार उरतात. दहाच्या आत माथा गाठण्यात खरा फायदा हाच. दक्षिण अंगाला भंडारदऱ्याचा जलाशय, त्यापलीकडे रतनगड.

धूर आणि अत्तर कटाक्षाने टाळा. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. दगडाखाली, गवतात हात घालू नका, फुरसं हा विषारी साप तिथे दिसत नाही.

घसरण होते ती उतरताना. पावसाळ्यात घट्ट असलेली माती आता सुटी होते आणि तिच्यावर वाळकं गवत आडवं पडलेलं असतं. गवतावर पाय टाकू नका, उघड्या कातळावर टाका. पावलं आखूड, गुडघे किंचित वाकलेले, वजन पूर्ण तळव्यावर. मागे रेललात की टाच सुटते आणि माणूस बसतो. निघण्यापूर्वी नाडी घोट्यापाशी पुन्हा आवळा, नाहीतर अंगठ्याची नखं बुटाला आदळून काळी पडतात. हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवा, मोबाइलची बॅटरी ११२ हा आपत्कालीन नंबर लावण्यापुरती राखून ठेवा.