कोयनेच्या धक्क्याची फाइल पुन्हा चालवताय? या चुका टाळा

कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४:२१ ला झाला. जागतिक वेळेनुसार (यूटीसी) मात्र तेव्हा १० तारखेचे २२:५१ वाजले होते. त्याच तारखेचा तसा धक्का आजच्या यंत्रांवर नोंदला गेला, तर (लीप वर्ष नसल्यास) तो ३४५ नव्हे, ३४४ क्रमांकाच्या मिनीसीड फाइलमध्ये (भूकंपमापकाच्या नोंदी ठेवायचा ठरलेला प्रकार) सापडेल. फाइलच्या नावातला हा आकडा म्हणजे वर्षाचा कितवा दिवस, आणि तो दिवस बदलतो आपल्या सकाळी साडेपाचला. ‘फाइलमध्ये धक्काच नाही’ अशी ओरड झाली की आधी हे तपासा. धक्का ५:२८ चा असेल तर लागोपाठच्या दोन्ही फाइली घ्या.

रेकॉर्डिंगमधली सगळ्यात महाग चूक छपरावर होते. पाटणच्या पावसात भिजू नये म्हणून जीपीएस अँटेना पत्र्याखाली सरकवली जाते. अहो, ती भिजण्यासाठीच बनवलेली असते! पत्र्याखाली तिला उपग्रह दिसत नाहीत, त्यांच्या वेळेशी जुळलेला लॉक सुटतो आणि डिजिटायझरचं (कंपनांचे आकडे करून नोंदणाऱ्या यंत्राचं) घड्याळ हळूहळू सरकत जातं. आलेख मात्र झकास दिसतो. पी लहर (भूकंपाची सगळ्यात आधी पोचणारी लहर) सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जाते. एका स्टेशनची वेळ अर्धा सेकंद चुकली, तर धक्क्यापासूनचं त्याचं अंतर ३ किलोमीटरनं चुकलं. रिप्लेमध्ये हे आपोआप सुधारत नाही.

आता रिप्ले, म्हणजे जुनी नोंद भूकंप शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून पुन्हा चालवणं. कोयनानगर आणि चांदोली या स्टेशनांच्या फाइली नुसत्या एकापुढे एक जोडल्या, तर आधी कोयनानगरचा अख्खा दिवस चालतो, मग चांदोलीचा. पिक्स (लहर पोचल्याच्या वेळा) जुळतच नाहीत. साइसकॉम्प या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड (फाइलमधला छोटा तुकडा) संपण्याच्या वेळेनुसार सॉर्ट करा, सुरू होण्याच्या नव्हे. प्रत्यक्षातही ५१२ बाइटचं रेकॉर्ड भरल्यावरच पुढे जातं.

फाइल धक्क्याच्या तोंडाशी कापू नका. ऑटोपिकर (पिक्स आपोआप शोधणारा भाग) ताज्या कंपनांची तुलना आधीच्या लांब सरासरीशी करतो. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये या लांब सरासरीची खिडकी ८० सेकंदांची असते, शिवाय सुरुवातीचे ३० सेकंद टेपरमध्ये (सिग्नल शून्यापासून हळूहळू चढवण्यात) जातात. आधीची ५ मिनिटं ठेवाच. त्याच सेटिंगचा फिल्टर ०.७ ते २ हर्ट्झचा आहे. तो दूरच्या भूकंपांना ठीक. कोयना-वारणेच्या अडीच-तीन तीव्रतेच्या धक्क्यांची ताकद त्याच्या वर असते, म्हणून पिकर गप्प बसतो आणि दोष फाइलला जातो. २ ते १५ हर्ट्झ लावून बघा, खिडक्याही लहान करा.

प्लेबॅक ‘हिस्टॉरिक’ मोडमध्ये चालवा. नाहीतर जुन्या रेकॉर्डवर आत्ताची वेळ बसते. चालू यंत्रणेच्या डेटाबेसवर तर अजिबात नको, जुना धक्का खऱ्या नोंदींत मिसळेल.

पहिल्यांदा चाललं, दुसऱ्यांदा काहीच नाही? पिकरच्या लेखी ती वेळ सरून गेली आहे, मागचा डेटा तो घेत नाही. सीडलिंक (डेटा पुढे पाठवणारा भाग) थांबवून त्याचा बफर रिकामा करा, पिकर आणि लोकेटर (धक्क्याची जागा काढणारा भाग) रीस्टार्ट करा आणि मगच फाइल सोडा.