धुरकट डॅनिश व्हिस्की चाखताना या चुका टाळा

ऑर्‌हूस या डॅनिश शहरातल्या आमच्या घरी दिवाळीच्या संध्याकाळी सहाजण जमलो होतो. देवापाशी उदबत्ती, स्वयंपाकघरात चिवड्याला नुकतीच घातलेली हिंगाची फोडणी, आणि टेबलावर डॅनिश ब्लेंडेड माल्टची धुरकट बाटली. मी सगळ्यात आधी तीच उघडली. पहिल्याच घोटाला एक मित्र म्हणाला, "अरे, हा तर दवाखान्याचा वास!" आणि त्याने ग्लास बाजूला सरकवला. नंतर उघडलेल्या दोन साध्या बाटल्यांची चव कुणालाच धड लागली नाही. बाटलीत काहीच खोट नव्हती. चाखण्याची तयारी चुकली होती, आणि ती मी केली होती.

तेव्हापासून पाहुण्यांना अशी व्हिस्की द्यायची असेल तर काही गोष्टी मी कटाक्षाने पाळतो.

"ब्लेंडेड" शब्दाला बिचकू नका

आपल्याकडे ब्लेंडेड म्हटलं की स्वस्तातली, भेसळ केल्यासारखी दारू डोळ्यांसमोर येते. ब्लेंडेड माल्ट हे वेगळं प्रकरण. यात दोन किंवा जास्त डिस्टिलऱ्यांच्या माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीच्या, व्हिस्की एकत्र केलेल्या असतात. मका-गव्हाची ग्रेन व्हिस्की त्यात नसते. स्कॉटलंडने २००९ च्या नियमांत हे नाव पक्कं केलं, त्याआधी "व्हॅटेड माल्ट" म्हणायचे. डेन्मार्कला युरोपीय संघाचे नियम लागू आहेत: ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेल्या लाकडी पिंपात किमान ३ वर्षं, आणि बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल. धूर किती ठेवायचा हे मिश्रण करणारा ठरवतो. म्हणून चाखताना "धूर आहे का" एवढंच विचारू नका. तो घोटाच्या सुरुवातीला येतो, मधेच डोकावतो की गिळून झाल्यावर मागे रेंगाळतो, ते बघा. मिश्रण जमलंय की नाही ते तिथे कळतं.

प्रत्येक धुराला लॅफ्रॉइगची फूटपट्टी लावू नका

लॅफ्रॉइग म्हणजे आयोडीनच्या, समुद्राच्या वासासाठी ओळखली जाणारी धुरकट स्कॉच. प्रत्येक धुरकट व्हिस्की तिच्याशी ताडणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

व्हिस्कीतला धूर मुख्यतः दाण्यातून येतो. भिजवून मोड आणलेली बार्ली वाळवताना खाली जे जळतं, त्याचा धूर ओलसर सालीला धरतो. हुरडा खाल्लेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. गोवऱ्यांच्या आरात भाजलेलं कणीस आणि गॅसवर भाजलेलं कणीस, ज्वारी तीच असली तरी तोंडाला कळतं. खाली काय जाळलं यावर सगळा खेळ.

डेन्मार्कमध्ये तर जाळायच्या वस्तू फारच वेगवेगळ्या. पश्चिम युटलंडमधल्या स्टाउनिंग डिस्टिलरीत (नऊ मित्रांनी २००५ मध्ये सुरू केलेली) पीट म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती आणि हेदरची झुडपं जाळतात. त्यू भागातल्या शेतावरच्या डिस्टिलरीत बीच झाडाच्या लाकडाचा धूर देतात. फारी लोकन डिस्टिलरीत चक्क ताज्या नेटलचा, म्हणजे अंगाला लागलं की आग होते त्या रानझाडाचा धूर. त्याचं मूळ फ्यून बेटावरच्या चीजमध्ये आहे. तिथे ताज्या चीजला ओटच्या काडावर आणि नेटलवर धुरी देण्याची जुनी पद्धत आहे.

आता हे सगळं डोक्यात न घेता ग्लास उचलला, आणि आयोडीनचा, समुद्राचा वास शोधत बसलात, तर हाती निराशाच येणार. लाकडाच्या धुराला धुरी दिलेल्या मांसाकडे झुकणारा गोडसर वास असतो. हेदरमुळे सुकलेल्या गवताची, मधाची आठवण होऊ शकते. मित्राला आलेला दवाखान्याचा वासही खरा होता. पीटच्या धुरात फेनॉल आणि क्रेसॉल असतात, जंतुनाशकांच्या वासाशी त्यांचं नातं आहे. फक्त तो वास पहिला येतो, एकटा नसतो. दोन मिनिटं थांबायला हवं होतं.

पीपीएमच्या (दहा लाख भागांत किती भाग फेनॉल) आकड्यावरही विसंबू नका. तो बहुतेक वेळा धुरी दिलेल्या दाण्यातल्या फेनॉलचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. दळण-भिजवणीत आणि ऊर्ध्वपातनात त्यातलं बरंच गळून जातं. शिवाय धुराचे घटक भट्टीतून उशिरा बाहेर पडतात. धार लवकर बंद केली तर धूर कमी, उशिरापर्यंत घेतली तर जास्त. सारख्या आकड्याच्या दोन व्हिस्की म्हणूनच इतक्या वेगळ्या लागतात.

धुरकट बाटली आधी उघडू नका

ती शेवटी. एवढं केलं तरी आमची ती संध्याकाळ वाचली असती. उदबत्ती, अत्तर, फोडणी हे सगळं तासभर आधी आटपून खिडकी उघडा.

ग्लासला कसला वास येतोय?

रिकामा ग्लास आधी हुंगा. भांड्यांच्या साबणाचा, ओल्या फडक्याचा किंवा कपाटात उपडा ठेवल्याने लाकडाचा वास हमखास सापडतो. गरम पाण्याने धुऊन हवेवर वाळवा. पोटाशी फुगीर, तोंडाशी निमुळता ग्लास घ्या आणि १५ मिलीच ओता. नाक आत खुपसू नका. ग्लास हनुवटीशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, हळूहळू वर आणा. नाकात झिणझिण्या आल्या तर तो वास नाही, अल्कोहोलचा मारा आहे. ग्लास खाली घ्या.

बर्फ टाकलात तर गार झाल्याने सुगंध दबतो आणि उरतो तो नुसता कोळसा. पाणी मात्र घाला, चमच्याने, दोन-चार थेंब. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर अभ्यास करून दाखवलं की व्हिस्की पातळ केली की ग्वायकॉल, म्हणजे धुराच्या वासाचा एक मुख्य घटक, पृष्ठभागाकडे जमतो. पाण्याने धूर मरतो हा समज सोडून द्या. थेंबांनंतर व्हिस्की जराशी गढूळ झाली तर घाबरू नका. गार करून न गाळलेल्या व्हिस्कीत तसं होतं, ती बिघडलेली नसते.

पुण्यात मे महिन्यात

काकांसाठी बाटली नेली तेव्हा हा धडा मिळाला. ३६-३७ अंशांत "रूम टेंपरेचर"ला काही अर्थ राहत नाही, आधी अल्कोहोलच नाकावर येतं. बाटली दहा-पंधरा मिनिटं गार पाण्याच्या पातेल्यात उभी ठेवली, २० अंशांच्या आसपास आणली, आणि काका म्हणाले, "आता मध लागतोय बघ." बाटली नेहमी उभीच ठेवा, आडवी ठेवली तर बूच अल्कोहोलने झिजतं. अर्ध्याहून खाली गेली की दोन-तीन महिन्यांत संपवा किंवा छोट्या बाटलीत काढा. हवेने सगळ्यात आधी वरचे नाजूक वास विरतात.

सोबत काही खायचं असेल तर राय ब्रेडवर धुरी दिलेला हेरिंग मासा, डॅनिश लोक खातात तसा. तिखट चकली मात्र नंतर.

आणि रात्री ग्लास लगेच धुऊ नका. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आवरताना मित्राने सरकवलेला तो ग्लास मी हुंगला. दारू उडून गेली होती, तळाशी पिवळसर वर्तुळ वाळलं होतं. त्यात विझलेली चूल होती, आणि तिच्यामागे गरम पावाचा, मधाचा स्वच्छ वास. मी त्याला फोन करून परत बोलावलं.